अठ्ठ्याऐंशी नंबरची चूक

दुसऱ्याची चूक दिसली आणि ती बोलून दाखवली नाही, तर क्लेमंट रडलला अन्न पचत नसे. हा गुण म्हणायचा की खोड, यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, पर्लचं, सव्वीस वर्षांत एकमत झालं नव्हतं. नोकरीत मात्र या खोडीचाच पगार मिळायचा. काउंटीच्या रस्ते खात्यात तो दिशादर्शक पाट्या तपासत असे. हॅम्बलफोर्ड गावाच्या अलीकडे एक पाटी होती, ‘हॅम्बलफोर्ड ३ मैल’. तिथून मैलभर पुढे गेलं की दुसरी पाटी, तीही ‘हॅम्बलफोर्ड ३ मैल’. म्हणजे माणूस मैलभर चालला आणि होता तिथेच राहिला. ती पाटी बदलून घ्यायला क्लेमंटला अकरा वर्षं लागली. बदलली त्या रविवारी तो पर्लला मुद्दाम गाडीत घालून पाटी दाखवायला घेऊन गेला. पर्लनं पाटी पाहिली आणि जवळपास चहा कुठे मिळतो ते विचारलं.

एक्कावन्नाव्या वर्षी खात्यानं त्याला मानानं घरी बसवलं. खात्यातल्या लोकांनी निरोपाला केक आणला होता आणि त्यावर त्याच्या आडनावात एक अक्षर कमी होतं. कुणी म्हणतात ते मुद्दाम केलं होतं. ते काही असो, क्लेमंट मोकळा झाला आणि त्याची पूर्ण वेळ नजर मेजर स्ट्राउडवर स्थिरावली.

मेजर स्ट्राउड हा सिनेमातला हेर. पंचेचाळीस वर्षांत त्याचे एकोणीस चित्रपट आले, चार नटांनी तो रंगवला, आणि मेजर मात्र एकच, वय कायम चाळीस. साधी माणसं असले चित्रपट बघतात, बटाट्याचे काप खातात आणि घरी जातात. क्लेमंटला ते जमलं नाही. मेजरच्या डाव्या गालावरचा व्रण सहाव्या चित्रपटात उजव्या गालावर कसा गेला? तिसऱ्यात ज्याला पोहता येत नाही, तो पाचव्यात बर्फाखालून पोहत रशियात कसा शिरतो? दुसऱ्या चित्रपटात मेजरच्या आईचा अंत्यविधी होतो, आपण सगळे रडतो, आणि नवव्यात तीच बाई नाताळला फोन करून ‘बाळा, जेवलास का’ विचारते. हा प्रेक्षकांच्या भावनांशी खेळ नाही तर काय?

या अन्यायाविरुद्ध उभं राहण्यासाठी हॅम्बलफोर्डमध्ये ‘स्ट्राउड सातत्य मंडळ’ होतं. सभासद चौदा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी लायब्ररीच्या वरच्या खोलीत बैठक, चहा, प्रत्येकी दोन बिस्किटं. अध्यक्ष मिसेस कारगिल, निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर बिस्किट चहात बुडवायची कुणाची छाती नव्हती. क्लेमंट चिटणीस. मंडळाचे नियम त्यानंच लिहिले होते आणि त्यातला चौथा नियम त्याला पाठ म्हणून दाखवायला फार आवडे: ‘कुठल्याही विसंगतीचं स्पष्टीकरण चित्रपटांच्या आतच सापडलं पाहिजे. बाहेरची कारणं आणि भावना हा पुरावा नव्हे.’ तीस वर्षांच्या मेहनतीनं मंडळानं चुकांची यादी तयार केली होती. तीनशे बारा चुका. क्रमवार, मिनिटा-सेकंदासकट.

त्यातली अठ्ठ्याऐंशी नंबरची चूक म्हणजे क्लेमंटची आई.

झालं होतं असं. १९६६ साली चौथ्या चित्रपटाचं चित्रीकरण गावातल्या लॅबर्नम रोडवर झालं, कारण स्टुडिओ तिथून चारच मैल. कथेत मेजर एका ओसाड घरापाशी येतो आणि म्हणतो, ‘पाच वर्षांत या घरात कुणी पाऊल टाकलेलं नाही.’ ते ओसाड घर म्हणजे तेवीस नंबर, रडल कुटुंबाचं राहतं घर. कंपनीनं सगळ्या गल्लीला बाहेर काढून समोर दोरीमागे उभं केलं. विनिफ्रेड रडल गेली नाही. तिला माडीवरच्या खिडक्या पुसायच्या होत्या आणि मंगळवारी खिडक्या पुसायच्या म्हणजे मंगळवारीच. त्यामुळे मेजर ते गंभीर वाक्य बोलत असताना त्याच्या डोक्यावरच्या खिडकीत पडदा सरकतो, हातात फडकं घेतलेली एक बाई खाली बघते, आणि नाहीशी होते. तीन सेकंद.

क्लेमंटनं ही चूक यादीत घातली ती आईच्या संमतीनं. ‘घाल की,’ विनिफ्रेड म्हणाली होती, ‘होते ना मी तिथे.’ पुढे पावाच्या दुकानात ती अभिमानानं सांगायची, ‘मी अठ्ठ्याऐंशी नंबर.’ सहा वर्षांपूर्वी ती गेली. रडलांकडे कधी चलचित्राचा कॅमेरा नव्हता. फोटो होते, पण फोटोतली आई सदैव कुणाच्या तरी लग्नात ताठ उभी. हलणारी, काम करणारी आई जगात त्या तीन सेकंदांतच उरली होती.

फेब्रुवारीत चित्रपट कंपनीचं पत्र आलं. मालिकेच्या पंचेचाळिसाव्या वर्षानिमित्त सगळे चित्रपट धुऊन-पुसून नव्या तबकड्यांवर काढायचे आहेत, मंडळाची यादी मिळाली तर उपकार होतील. क्लेमंटनं ते पत्र शेजारच्या ऑसगुडना कुंपणावरून दाखवलं, पोस्टमनला दाखवलं, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा त्याबद्दल बोलायचा प्रयत्न केला. यादी नव्यानं टंकून त्यानं रजिस्टर पोस्टानं पाठवली. तीन आठवड्यांत उत्तर आलं. ‘यादी अमूल्य आहे. कळवण्यास आनंद वाटतो की आता तंत्र इतकं पुढे गेलं आहे, की तीनशे बाराच्या तीनशे बारा चुका आम्ही चित्रांतून काढून टाकणार आहोत.’

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं ते पर्लला वाचून दाखवलं. ‘तीनशे बारा,’ तो म्हणाला. ‘एकही सोडणार नाहीत. तीस वर्षांनी का होईना, ऐकलं.’

पर्ल वाटाणे सोलत होती. तिनं शेंग हातातच धरली. ‘सगळ्या काढणार?’

‘सगळ्या.’

‘मग तुझी आई?’

क्लेमंट पत्र पुन्हा वाचायला लागला. एखाद्या ओळीत अठ्ठ्याऐंशी वगळून असं लिहिलं असेल अशी त्याला आशा होती. कंपनीनं तसं काही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो स्टुडिओच्या फाटकाशी हजर होता. सातत्य विभाग एका लांबच लांब बराकीत होता आणि तिथे मिस फेनेला स्प्रोट नावाची एक तरुण, अतिशय सौम्य बाई बसायची. क्लेमंटला बघून ती उभी राहिली. ‘रडल? ते रडल? तुमची यादी आम्ही भिंतीवर लावलीय.’ एरवी या वाक्यावर त्यानं महिनाभर काढला असता.

‘मला एक चूक परत हवी आहे,’ तो म्हणाला.

मिस स्प्रोटनं कपाट उघडलं. चूक कळवण्याचा नमुना होता. कळवलेल्या चुकीत दुरुस्ती करण्याचा नमुना होता. कळवलेली चूक दुसऱ्याच कुणाची आहे असं सांगण्याचाही नमुना होता. चूक परत घेण्याचा नव्हता. ‘आजवर कुणी मागितलीच नाही हो,’ ती म्हणाली. मग तिला एक आठवलं. चित्रात दिसणाऱ्या व्यक्तीला स्वतःला हरकत घेता येते, नमुना सात. फक्त खाली त्या व्यक्तीची सही लागते.

‘ती व्यक्ती वारली आहे.’

‘अरेरे. मग तसा दाखला जोडा.’

क्लेमंटनं मृत्यूचा दाखला जोडला. दहा दिवसांनी छापील उत्तर आलं: ‘संबंधित व्यक्ती मृत असल्याने तिची हरकत नाही असे समजण्यात येत आहे.’

क्लेमंटला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की आपण ज्यांना इतकी वर्षं पत्रं पाठवली त्या सगळ्या कचेऱ्यांत आपल्यासारखीच माणसं बसलेली होती.

ऑसगुडना कुंपणापलीकडून सगळं कळत असे. क्लेमंट बागेत आला की ते कात्री घेऊन न वाढलेलं कुंपण कापायला यायचे. ‘वकील करा,’ ते म्हणाले. ‘खिडकी तुमची आहे. खिडकीसकट काढू दे म्हणावं. नुसती बाई काढून खिडकी ठेवणं हे अतिक्रमण आहे.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी विचार बदलला. ‘भूत म्हणा. ओसाड घर, खिडकीत बाई, सरळ आहे. लोकांना भूत आवडतं.’

‘बाराव्या चित्रपटात मेजर म्हणतो, भुतं नसतात,’ क्लेमंट म्हणाला.

‘त्याला काय कळतं? त्याला स्वतःचा गाल आठवत नाही.’

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि वाईट म्हणजे त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं.

शेवटी मिस स्प्रोटनंच फोन करून वाट दाखवली. चूक मागे घेता येत नाही, पण ती मुळात चूक नव्हतीच असं दाखवून देता येईल. तीन निरनिराळ्या चित्रपटांतले तीन पुरावे हवेत. आणि यादी मंडळाच्या नावावर आलेली असल्यानं मंडळाचा ठरावही हवा. ‘बाकी भावना वगैरे नको हं,’ ती म्हणाली. ‘तुमचाच चौथा नियम आम्ही इथे घेतलाय. फार छान आहे.’

तेव्हा क्लेमंट एकोणीसच्या एकोणीस चित्रपट पुन्हा बघायला बसला. तीस वर्षं त्यानं हे चित्रपट मोडून बघितले होते. आता पहिल्यांदाच तो जोडून बघत होता, आणि हे काम भलतंच कठीण निघालं. बाईला घरची मोलकरीण म्हणावं, तर मग टेबलावर पाच वर्षं पडलेली गुप्त कागदपत्रं तिनं रद्दीत का घातली नाहीत? शत्रूची हेर म्हणावं, तर सातव्या चित्रपटात शत्रू त्याच घरात लपायला येतो तेव्हा तो ‘इथे आपलं कुणीच नाही’ असं का म्हणतो? बरं, तो खोटं बोलतो असं धरलं, तर अकराव्या चित्रपटातली किल्ली निरर्थक ठरते, आणि किल्ली निरर्थक तर मेजर त्या किल्लीसाठी व्हेनिसमध्ये पाण्यात उडी का मारतो, आणि मुळात त्याला पोहता येतं की नाही? एक गाठ सोडवावी तर चार नव्या बसत होत्या. जेवणघराच्या भिंतीवर त्यानं कागद चिकटवले, कागदांवर बाण काढले. एका सकाळी बाणांचा माग काढता काढता तो स्वयंपाकघरात पोहोचला आणि मेजर तिसऱ्या चित्रपटाच्या आधी मेला असावा या निष्कर्षाला आला. पर्लनं त्याला बसवून उकडलेलं अंडं खायला घातलं.

‘मला वेड लागतंय का?’ त्यानं विचारलं.

‘लागतंय असं नाही म्हणता येणार,’ पर्ल म्हणाली. ‘आणखी एक अंडं घे.’

पर्लला मेजर स्ट्राउडबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. ती विणत बसायची आणि मान वर करायची ती फक्त मेजरचा स्वेटर चांगला असेल तर. चौथा चित्रपट त्या महिन्यात पाचव्यांदा लागला होता. मेजर फोनवर त्याच्या साहेबांशी बोलत होता. पर्ल टाके मोजता मोजता म्हणाली, ‘एवढं मोठं खातं आणि त्याच्या साहेबाला तोंड कसं नाही?’

‘म्हणजे?’

‘सदा फोनवर. दिसत कसा नाही कधी? आणि दर वेळी आवाज निराळा. मला वाटतं दुसऱ्याच कुणाला तरी बोलायला बसवतो.’

क्लेमंटनं चित्र थांबवलं. साहेबांचे तीन निरनिराळे आवाज ही मंडळाची चाळीस नंबरची चूक होती. ती शोधली होती खुद्द मिसेस कारगिल यांनी, आणि त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान होता. पण आवाज निराळे कारण बोलणारी माणसंच निराळी, आणि साहेब कोण आहे हे कुणाला कळू नये म्हणून हा बंदोबस्त, असं धरलं तर? त्यानं चित्र मागे नेलं. फोनवर साहेबांचा निरोप: ‘जा. माझी नजर आहे तुझ्यावर.’ मेजर थेट लॅबर्नम रोडवर येतो. डोक्यावरच्या खिडकीत पडदा सरकतो. एक बाई खाली बघते.

क्लेमंट उठून उभा राहिला. सातव्या चित्रपटात मेजर दारूच्या अड्ड्यावर म्हणतो, ‘साहेबांना मी आयुष्यात एकदाच पाहिलं, तेही ओझरतं.’ हे वाक्य म्हणजे यादीतली एकशे एकोणीस नंबरची चूक होती, कारण मेजरनं साहेबांना कधीच पाहिलेलं नाही. पण पाहिलं होतं. त्याच खिडकीत.

‘पर्ल,’ तो म्हणाला, ‘आई हेरखात्याची प्रमुख होती.’

‘मला आश्चर्य वाटत नाही,’ पर्ल म्हणाली.

मंडळाची सभा एप्रिलमध्ये भरली. क्लेमंटनं सगळं मांडलं. चित्रपट दोन, आवाज. चित्रपट चार, नजर. चित्रपट सात, ओझरतं दर्शन. सगळं जागच्या जागी बसलं, आणि इथेच खरी पंचाईत झाली, कारण ते फारच चांगलं बसलं. खिडकीतली बाई जर साहेब असेल, तर एकटी अठ्ठ्याऐंशी नंबरची चूक पुसली जात नव्हती. तिच्यासकट साहेबांशी संबंधित सत्तावीस चुका पुसल्या जात होत्या. तीनशे बारावरून मंडळ दोनशे पंच्याऐंशींवर येत होतं. तीस वर्षांत यादी एकदाही लहान झाली नव्हती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं क्लेमंटला वाटत होतं, आणि समोर बसलेल्या तेरा जणांच्या तोंडांवर ते लिहिलेलं होतं. एका गृहस्थांनी उठून विचारलं, की माझ्या चौसष्ट नंबरवर मी दोन हिवाळे घातलेत, त्याचं काय. दुसऱ्या एका बाईंनी पर्स उघडून रुमाल काढला.

‘त्या फडक्याचं काय?’ मागून कुणीतरी विचारलं. ‘साहेबाच्या हातात फडकं?’

‘रिकाम्या घरात कुणी पाहिलंच तर कामवाली वाटावी म्हणून,’ क्लेमंट म्हणाला.

चिटणिसाचा वैयक्तिक संबंध असल्यानं त्याला मत नव्हतं. अध्यक्ष सोडून बारा जणांनी हात वर केले. सहा बाजूनं, सहा विरुद्ध. निर्णायक मत मिसेस कारगिल यांचं. चाळीस नंबरची चूकही त्या सत्तावीसांतच जाणार होती आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘चिटणीस, ही बाई तुमची कोण लागते ते मला विचारायचं नाही, कारण चौथ्या नियमानं ते विचारता येत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मी एवढंच विचारते. हे तुम्हाला तर्कानं पटलंय की तसं हवं होतं म्हणून पटवून घेतलंय?’

क्लेमंटनं खरं सांगायचं ठरवलं आणि खरं काय तेच त्याला सापडेना. ‘मला कळत नाही,’ तो म्हणाला. ‘गेले दोन महिने मला काहीच कळत नाही. पण बाकी सगळीकडे ही मालिका तुटते आणि इथे तुटत नाही.’

‘हो. तर्कात खोट नाही, हेच दुर्दैव आहे,’ मिसेस कारगिल म्हणाल्या आणि त्यांनी हात वर केला. ‘ठराव मंजूर. चाळीस नंबर यादीतून कमी करावा. माझं नाव घालून.’ त्यानंतर त्यांनी आपलं दुसरं बिस्किट न खाता तसंच बशीत ठेवलं. क्लेमंटला इतकं शरमल्यासारखं झालं, की ते इतिवृत्तात लिहायचं की नाही हेही त्याला ठरवता येईना.

मिस स्प्रोटनं ठराव वाचला आणि ती खुर्चीत मागे टेकली. ‘अगंबाई,’ ती म्हणाली. मुख्य कचेरीतून कंपनीचे दोन अधिकारी आले, त्यांनी तो वाचला, एकमेकांकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत आपल्या मालिकेत काय चाललंय ते कंपनीला पहिल्यांदाच समजलं होतं. त्यातल्या एकानं विचारलं, की हे आम्ही मुद्दामच केलं होतं असं जाहीर करायला मंडळाची काही हरकत? क्लेमंट म्हणाला, बाईंना खिडकीत राहू द्या, बाकी काय हवं ते जाहीर करा. कंपनीनं तसं लेखी दिलं. पण पाटीची अकरा वर्षं पाहिलेल्या माणसाचा लेखीवर किती विश्वास असणार? उन्हाळाभर तो पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसला. कुठल्या तरी टेबलावर कुणी तरी जुनी यादी उघडेल, अठ्ठ्याऐंशी नंबर बघेल, आणि एक कळ दाबून आईला पुसून मोकळा होईल, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. ऑसगुडनी तर ‘पुसलं असेल तर कळणार कसं? पुसलेलं दिसत नाही’ असं सांगून त्याची दोन दिवसांची झोप घालवली.

ऑक्टोबरात तबकड्या आल्या. शनिवार होता, सकाळचे अकरा. क्लेमंटनं चौथी तबकडी काढली आणि ती पर्लच्या हातात दिली. ‘तू लाव,’ तो म्हणाला. ‘आणि आधी तू बघ. नसेल तर सांग. मी बागेत आहे.’

तो बागेत जाऊन उभा राहिला. ऑसगुड कात्री घेऊन आले, त्याचं तोंड बघून काही न बोलता परत गेले. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

‘क्लेमंट,’ पर्लनं आतून हाक मारली. ‘आहे. ये.’

होती. नुसती होती असं नाही, लख्ख होती. जुन्या प्रतीत खिडकीतल्या बाईच्या चेहऱ्याचा एक करडा ठिपका दिसायचा आणि तो आईचा आहे हे घरच्यांना माहीत म्हणून ओळखू यायचा. आता झग्यावरची निळी फुलं दिसत होती, वर दुमडलेल्या बाह्या दिसत होत्या, कपाळावर आलेली बट दिसत होती. पडदा सरकला. तिनं खाली पाहिलं, मग थोडं डावीकडे पाहिलं, आणि ती हसली. ओळखीचं, भरभरून हसली. मग पडदा पडला.

पर्लनं चित्र मागे नेऊन तिथेच थांबवलं. दोघं बघत राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

‘मिसेस कारगिल बोलतेय. पाहिलंत?’

‘पाहिलं.’

‘साहेब हसतात, क्लेमंट. सोळाव्या चित्रपटात मेजर स्पष्ट म्हणतो, आमचे साहेब जन्मात कधी हसलेले नाहीत. म्हणजे तुमच्याच ठरावानं ही चूक झाली. नवी चूक. मला कारण हवंय.’

‘कारण आहे.’

‘कितव्या चित्रपटात?’

‘चित्रपटात नाही,’ क्लेमंट म्हणाला. ‘समोर दोरी बांधली होती. दोरीमागे पहिल्या रांगेत मी होतो. नऊ वर्षांचा. मी हात हलवला होता.’

क्लेमंटला वाटलं, आता चौथा नियम येणार. चुकीची नोंद झाली, की पुढच्या धुण्यात आई जाणार होती.

‘माझा टीव्ही फार जुना आहे,’ मिसेस कारगिल म्हणाल्या. ‘हसू वाटलं, पण सावली असणार. मला वाटतं सावलीच आहे.’

‘तुमचा टीव्ही मे महिन्यात घेतलाय, मिसेस कारगिल.’

‘क्लेमंट, फोन ठेवा.’

त्यानं ठेवला. पर्लनं विचारलं, ‘काय म्हणाल्या?’

‘सावली आहे म्हणाल्या.’ तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला, आणि ते त्यानं लपवलं नाही. पडद्यावर विनिफ्रेड रडल चित्राबाहेर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघून हसत होती. पर्ल त्याच्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

‘त्या दिवशी मी खूप वेळ हात हलवत होतो,’ क्लेमंट म्हणाला. ‘बेचाळीस वर्षं मला वाटत होतं, तिनं मला पाहिलंच नाही.’